परटिणीचा नवरा

बाई रोग्यांवर उपचार करत असेल तर ती ‘कुरात्सिस्तीनो’. डॉक्टरची बायको असेल तर ती ‘कुरात्सिस्तेद्झीनो’. आणि तो माणूस परीट नाही बरं का, तो ‘लाविस्तिनेद्झो’ आहे, म्हणजे परटिणीचा नवरा.

एस्पेरांतो या भाषेच्या सरावपाठांत ही वाक्यं साधारण अशीच, एकापाठोपाठ एक येतात. भाषेचा पाया मानलं गेलेलं, १९०५ साली छापलेलं ते पुस्तक. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या नवऱ्याचं हसू आलं. स्वतःची ओळखच नाही बिचाऱ्याला. मग लक्षात आलं, की हसण्यासारखी गोष्ट त्या माणसात नाही, शब्दाच्या शेपटीत आहे. ‘एद्झो’ म्हणजे नवरा. हा ‘एद्झो’ आला कुठून, हे शोधायला गेलं की वाट जर्मन राजवाड्यातून, ज्यू धर्मगुरूच्या स्वयंपाकघरातून जाते आणि थेट यास्काच्या निरुक्तापाशी, म्हणजे संस्कृत शब्दांची फोड करणाऱ्या प्राचीन ग्रंथापाशी पोचते.

आधी आपल्या घरातलं पाहू. लहानपणी संक्रांतीला आजीनं तिळगुळाचा डबा हातात दिला आणि म्हणाली, “मास्तरीणबाईंना देऊन ये.” मी तो इमानेइतबारे शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंना नेऊन दिला. आजीच्या मनात होत्या हेडमास्तरांच्या घरच्या, ज्यांनी उभ्या जन्मात हातात खडू धरला नव्हता. डबा परत मागायला जायची हिंमत कुणाला झाली नाही. त्या वर्षी आजीनं दुसऱ्यांदा लाडू वळले आणि वळताना माझा उद्धार केला.

चूक माझी होती असं मला अजूनही वाटत नाही. चूक ‘ईण’ या प्रत्ययाची. वाघ-वाघीण, कुंभार-कुंभारीण, पाटील-पाटलीण, मास्तर-मास्तरीण. वाघिणीपाशी अडचण नाही. ती स्वतःच वाघ आहे, तिचं लग्न झालेलं असो वा नसो. पाटलीण मात्र बहुतेक वेळा पाटलाची बायको असते. आणि मास्तरीण? ती स्वतः शिकवणारी असेल किंवा शिकवणाऱ्याची बायको असेल. एकच प्रत्यय ‘त्या जातीची मादी’, ‘ते काम करणारी बाई’ आणि ‘ते काम करणाऱ्याची बायको’ अशा तीन गोष्टींवर बसतो, आणि कुठली हे गावाला माहीत असतं. पोराला नसतं.

हाच घोटाळा युरोपातल्या भाषांतही आहे, आणि तो मिटवायला एका डोळ्यांच्या डॉक्टरनं जे केलं त्यातून ‘एद्झो’ जन्माला आला.

त्या डॉक्टरचं नाव लुडविक झामेनहोफ. जन्म १८५९चा, बियाविस्तोक गावचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. गावात यिद्दिश बोलणारे ज्यू, पोलिश, रशियन, जर्मन, बेलारूसी असे सगळे राहत आणि एकमेकांकडे संशयानं बघत. भाषा एक असती तर निदान भांडण तरी नीट कळलं असतं, अशा काहीशा भावनेनं या मुलानं शाळेत असल्यापासून एक नवी भाषा रचायला घेतली. १८८७च्या जुलैमध्ये वॉर्सात तिचं पहिलं छोटं पुस्तक निघालं. लेखकाचं टोपणनाव होतं ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा धरून असलेला डॉक्टर. लोकांनी पुढे भाषेलाच ते नाव देऊन टाकलं.

एस्पेरांतोत शब्द कसा तयार होतो, एवढं कळलं की पुढची गोष्ट सोपी आहे. मुळाशी एक धातूसारखा तुकडा असतो. त्याला ‘ओ’ लावला की नाम झालं. ‘पात्र’ला ‘ओ’ लावून ‘पात्रो’, म्हणजे वडील. मध्ये ‘इन’ घातला की स्त्री झाली : ‘पात्रीनो’, आई. ‘फ्रातो’ भाऊ, ‘फ्रातीनो’ बहीण. ‘इस्त’ म्हणजे धंदा करणारा, म्हणून ‘लावी’ (धुणे) वरून ‘लाविस्तो’, परीट; त्यात ‘इन’ घातला की ‘लाविस्तीनो’, परटीण. विटेवर वीट ठेवावी तसं हे काम. अपवाद नाही, ‘आमच्याकडे असंच म्हणतात’ नाही. ज्यांनी शाळेत ‘देव’ शब्द चालवता चालवता घाम गाळला आहे त्यांना याचं मोल कळेल.

आता कुणी म्हणेल, जी भाषा एका माणसानं बसून बनवली तिच्या शब्दांना कसली आलीय व्युत्पत्ती? त्यानं ठरवलं, झालं. पण झामेनहोफनं शब्द हवेतून काढले नाहीत. त्यानं ते उचलले. ‘हुंदो’ म्हणजे कुत्रा, हा जर्मन. ‘बिर्दो’ म्हणजे पक्षी, हा इंग्रजी. ‘काय’ म्हणजे ‘आणि’, हा थेट प्राचीन ग्रीकमधून. आपण प्रश्नाच्या शेवटी ‘का’ लावतो तसा प्रश्नाच्या सुरुवातीला येणारा ‘चू’ पोलिशमधून. बहुतेक शब्दांपाशी युरोपातला कुठलातरी माणूस येऊन म्हणू शकतो, हा आमच्याकडचा. पण कुठला शब्द कुठून घेतला याची वही झामेनहोफनं मागे ठेवली नाही, त्यामुळे नंतरच्या लोकांना ते खणून काढावं लागलं. एब्बे विल्बोर्ग या स्वीडिश अभ्यासकानं एस्पेरांतोचा व्युत्पत्तिकोश लिहिला तो पाच खंडांचा झाला. जेमतेम शंभर वर्षांच्या भाषेला पाच खंड!

‘एद्झो’ हा शब्द या खणणाऱ्यांना अडला, कारण त्याच्यापाशी येऊन ‘हा आमचा’ म्हणणारं कुणी नव्हतं. नवऱ्याला लॅटिनमध्ये ‘मारितुस’, फ्रेंचमध्ये ‘मारी’ किंवा ‘एपू’, जर्मनमध्ये ‘मान’ किंवा ‘गाट्टे’, रशियनमध्ये ‘मूझ’. यातलं काहीही कितीही चेपलं तरी ‘एद्झो’ होत नाही.

इथे उच्चाराबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुढे लागणार आहे आणि त्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. ‘एद्झो’मधला ‘द्झ’ म्हणजे आपल्या ‘जावई’तला ज, ‘जिलबी’तला नव्हे. आणि जिथे मी ‘त्स’ लिहितो आहे तो ‘चमचा’तला च, ‘चिमटा’तला नव्हे. हिंदी भाषकाला हे दोन आवाज मुद्दाम शिकवावे लागतात; आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले आहेत. चमच्याचा च जरा घोगरा केला की जावयाचा ज होतो. जीभ तिथेच राहते, फक्त गळा थरथरतो.

बरं, तर शब्द कुठून आला? उत्तर खुद्द झामेनहोफच्या पत्रात सापडतं. एमील ब्वाराक नावाचे फ्रेंच गृहस्थ होते, एस्पेरांतो अकादमीचे पहिले अध्यक्ष. त्यांना लिहिताना झामेनहोफनं या शब्दाचं मूळ सांगितलं, आणि ते ‘नवरा’ या अर्थाच्या कुठल्याच शब्दात नव्हतं. ते होतं जर्मन ‘क्रोनप्रिन्त्सेसिन’ या शब्दात.

क्रोनप्रिन्त्स म्हणजे युवराज. क्रोनप्रिन्त्सेसिन म्हणजे त्याची बायको. आता कात्री घ्या. शब्दातून ‘क्रोनप्रिन्त्स’ कापून बाजूला ठेवा. हातात उरतं ‘एसिन’. युवराज वजा केल्यावर जे उरलं त्याचा अर्थ काय? हिशेबानं, ‘-ची बायको’. जर्मन व्याकरणात असा काही प्रत्यय नाही. पण कान असंच ऐकतो. झामेनहोफला असा तुकडा हवाच होता, कारण त्याच्या भाषेत ‘इन’ लावून ‘प्रिन्त्सीनो’ झाली असती ती राजकन्या. मग युवराजाची बायको कशी दाखवायची? म्हणून ‘प्रिन्त्सेद्झीनो’. कुरात्सिस्तीनो म्हणजे स्वतः डॉक्टर असलेली बाई, कुरात्सिस्तेद्झीनो म्हणजे डॉक्टरची बायको. माझ्या आजीला एस्पेरांतो येत असती तर लाडू वाचले असते.

आता दुसरी कात्री. ‘एद्झीनो’मध्ये ‘इन’ तर उघड दिसतोय, आणि भाषेचा नियम सांगतो की ‘इन’ म्हणजे स्त्री. मग स्त्री कापून टाकली की उरतो पुरुष. ‘एद्झीनो’ बायको, तर ‘एद्झो’ नवरा. एवढंच. नवरा हा बायकोतून वजाबाकी करून काढलेला आहे.

इथे थांबलं असतं तरी गोष्ट पुरेशी मजेदार होती. पण ‘एसिन’चं ‘एद्झिन’ कसं झालं, हा खडा दाताखाली येतोच. जर्मन शब्दात त्या जागी साधा ‘स’ आहे, जावयाचा ज नाही. म्हणून अभ्यासकांनी आणखी एका शब्दाकडे बोट दाखवलं आहे, आणि मला तर तो पहिल्याहून जवळचा वाटतो. यिद्दिशमधला ‘रेबेत्सिन’.

यिद्दिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोलती भाषा. सांगाडा जर्मन, त्यात हिब्रू आणि स्लाव्ह शब्दांची भरपूर भर, लिपी हिब्रू. त्या भाषेत रेबे म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि रेबेत्सिन म्हणजे त्याची बायको. शब्दशः आपली भटीण, किंवा मास्तरीणबाई म्हणा. प्रत्येक ज्यू वस्तीत एक रेबेत्सिन असणारच. शब्दातून ‘रेब’ कापा : ‘एत्सिन’ उरतो. चमच्याचा च घोगरा करा : ‘एद्झिन’. झामेनहोफनं तरुणपणी यिद्दिशचं व्याकरण लिहायला घेतलं होतं, म्हणजे ही भाषा त्याच्या फक्त कानावर पडलेली नव्हती, तिचे सांधे त्यानं हातानं चाचपलेले होते.

मग च घोगरा का केला? माझा तर्क असा. एस्पेरांतोत ‘एत्स’ हा तुकडा आधीच दुसऱ्या कामाला लावलेला आहे. तो आपल्या ‘पणा’चं काम करतो : ‘बोना’ चांगला, ‘बोनेत्सो’ चांगुलपणा. ‘प्रिन्त्सेत्सीनो’ म्हटलं असतं तर ते ‘बाईच्या जातीचं राजपुत्रपण’ असं काहीतरी विचित्र झालं असतं. शेजारच्या घरात आधीच एक सुरेश राहत असला की नव्याला सुऱ्या म्हणतात, तसला हा प्रकार.

पत्रात जर्मन युवराज्ञी आहे, यिद्दिश गुरुपत्नी नाही. एका डोक्यात दोन्ही शब्द एकत्र नांदत असतील तर नंतर कुठल्याचं काय घेतलं हे त्या डोक्यालाही सांगता येत नाही. शिवाय त्या काळात आपल्या भाषेवर ‘ज्यूंची भाषा’ असा शिक्का बसू नये याची काळजी एस्पेरांतोच्या पुढाऱ्यांना वाहावी लागत होती. फ्रान्समधल्या १९०५च्या पहिल्या जागतिक मेळाव्यात झामेनहोफच्या ज्यू असण्याचा गवगवा होऊ नये, असं त्याच्या फ्रेंच पाठीराख्यांना वाटत होतं. अशा हवेत राजवाड्यातला शब्द पुढे करणं सोयीचं होतं, एवढं म्हणून मी पुढे जातो.

या दोन शब्दांत एक साम्य आहे, आणि ते नीट पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्रिन्त्सेसिन हा शब्द मुळात डबल आहे. फ्रेंच ‘प्रँसेस’ ही आधीच स्त्री. जर्मनांनी ती उचलली आणि आपला स्त्रीप्रत्यय ‘इन’ वर आणखी लावला. रेबेत्सिनचंही तेच : त्यातला ‘त्स’ हा स्लाव्ह वळणाच्या स्त्रीप्रत्ययाचा अवशेष आणि वर परत जर्मन ‘इन’. आपण हसू नये, कारण मास्तर या शब्दाला ‘ईण’ लावून भागलं नाही म्हणून वर ‘बाई’ लावणारे आपणच. तर अशा दुहेरी शब्दातला शेवटचा ‘इन’ झामेनहोफनं ओळखला आणि कापला. त्याच्या आधीचा स्त्रीप्रत्यय मात्र तसाच राहिला, आणि तोच ‘नवरा’ ठरला. एस्पेरांतो बोलणारा माणूस ‘एद्झो’ म्हणतो तेव्हा तो मूळच्या एका स्त्रीप्रत्ययाचं उरलेलं टोक उच्चारत असतो.

अशी उलटी निर्मिती फक्त कृत्रिम भाषेत होते असं नाही. हॅम्बर्ग शहरावरून ‘हॅम्बर्गर’ झाला. ऐकणाऱ्यांनी तो चुकीच्या जागी तोडला, ‘हॅम’ आणि ‘बर्गर’, आणि जगाला बर्गर मिळाला. संस्कृतातही हेच घडलेलं आहे. ऋग्वेदात ‘असुर’ हा शब्द वरुणासारख्या देवांसाठी, सामर्थ्यवान या अर्थानं येतो. त्यातला ‘अ’ नकाराचा नाहीच. इराणी लोकांचा ‘अहुर’ तो हाच. पुढे अर्थ फिरला, असुर म्हणजे देवांचे शत्रू झाले, आणि कुणाला तरी वाटलं की अ-सुर म्हणजे जो सुर नाही तो. मग ‘सुर’ म्हणजे देव असायलाच हवा! अशा रीतीनं सुरांचा जन्म असुरांनंतर झाला. सुरेश, सुरेंद्र, सुरेखा अशी नावं वाचताना यातली सुरेखा वेगळी ठेवा, तिचा या भानगडीशी संबंध नाही.

आणि आता ज्या शब्दासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो. ‘विधवा’.

हा शब्द फार जुना आहे. ऋग्वेदात आहे. लॅटिनमध्ये ‘विदुआ’, जर्मनमध्ये ‘विट्व’, रशियनमध्ये ‘व्दोवा’, इंग्रजीत ‘विडो’, फारसीतून उर्दूत आलेली ‘बेवा’, या सगळ्या एकाच पणजीच्या नाती. मूळ अर्थ वेगळी पडलेली, रिती झालेली. एवढ्या दूरदूरच्या भाषांत शब्द सारखा आहे, याचाच अर्थ तो अख्खा आहे. त्यात ‘वि’ हा उपसर्ग वेगळा नाही. ‘विडो’मधून ‘वि’ काढून ‘डो’ म्हणजे नवरा असं कुणी इंग्रज म्हणणार नाही.

पण संस्कृतात ‘वि’ हा रोजच्या वापरातला उपसर्ग. विफल, विमल, वियोग. मग विधवा म्हणजे वि-धवा, ‘धव’ नसलेली. तर धव कोण? अर्थात नवरा. यास्काच्या निरुक्तात ही तोडफोड अगदी डोळ्यांसमोर चाललेली दिसते. तो या शब्दाची एक सोडून चार स्पष्टीकरणं देतो. आधार देणारा नसलेली ती विधवा. किंवा थरथरण्यावरून. किंवा चर्मशिरा नावाच्या आचार्याचं मत देतो, की इकडेतिकडे धावण्यावरून. आणि शेवटी : किंवा ‘धव’ हे माणसाचं नाव आहे, त्याच्यापासून वियोग झाला म्हणून विधवा. चार-चार पर्याय द्यावे लागतात यावरूनच कळतं की शब्दाचं मूळ त्या काळीही कुणाला दिसत नव्हतं. पण चौथा पर्याय इतका गोड होता की तो चिकटला. अमरकोशात तर ‘धवः प्रियः पतिर्भर्ता’ असं नवऱ्याच्या यादीत धव पहिला उभा आहे. मग त्यावरून ‘सधवा’ आली. ‘माधव’ नावाची एक व्युत्पत्ती तिथूनच देतात, मा म्हणजे लक्ष्मी, तिचा धव. (डिंक देणारा धावडा, ज्याला संस्कृतात धवच म्हणतात, त्याचा यात हात नाही. झाडाला उगाच लग्नात ओढू नये.)

म्हणजे पाहा. भारतात विधवेतून नवरा कापून काढला, वॉर्सात युवराज्ञीतून. मध्ये दोन हजारांहून जास्त वर्षं, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. फरक एवढाच की धव नकळत झाला आणि एद्झो जाणूनबुजून. यास्काला वाटत होतं की तो जुनी गोष्ट शोधतो आहे. झामेनहोफला माहीत होतं की तो नवी बनवतो आहे. कात्री मात्र एकाच जागी चालली.

एद्झो एकटा नाही, त्याचे दोन भाऊही आहेत. एस्पेरांतोत अविवाहित पुरुष म्हणजे ‘फ्राउलो’. हा आला ‘फ्राउलीनो’ म्हणजे कुमारीवरून, आणि ती आली जर्मन ‘फ्रॉयलाइन’वरून. जर्मन ‘फ्राउ’ म्हणजे बाई, ‘लाइन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय, बाहुल्या-ठकुल्यांतल्या ‘ली’सारखा. फ्रॉयलाइन म्हणजे छोटी बाई. झामेनहोफच्या कानानं त्यातला ‘लाइन’ तोडला नाही, ‘ल’ अलीकडे ठेवला आणि पुढे स्वतःचा ‘इन’ बसवला. मग नेहमीप्रमाणे ‘इन’ कापला आणि ब्रह्मचारी मिळाला, ज्याच्या नावात सुरुवातीलाच ‘फ्राउ’, म्हणजे बाई, पाय पसरून बसलेली आहे.

आणि विधुर? तो ‘विद्वो’. विधवा ‘विद्वीनो’. हे मूळ कुठलं ते आता सांगायला नको; विदुआ, व्दोवा, विधवा. बहुतेक युरोपी भाषांत विधवा आधी आणि विधुर तिच्यावरून बनवलेला असतो. जर्मन विट्ववरून ‘विट्वर’, इंग्रजी विडोवरून ‘विडोअर’. कारण उघड आहे : बाईचं नवऱ्यावाचून असणं समाजानं कायम मोजलं, पुरुषाचं बायकोवाचून असणं फारसं कुणी मोजलं नाही, त्यामुळे त्याला नाव द्यायची घाई नव्हती. एस्पेरांतोच्या नियमानं हे उलटं केलं. मूळ शब्द पुरुषाचा, त्यात ‘इन’ घालून बाई. म्हणून विधवेचा शब्द आधी विधुराला दिला आणि मग तिनं तो प्रत्यय लावून परत घ्यायचा.

लग्नाआधीचा, लग्नानंतरचा आणि बायको गेल्यावरचा, अशा पुरुषाच्या तिन्ही अवस्थांची नावं या भाषेत बाईच्या शब्दावरून आलेली आहेत. आणि तिन्ही ठिकाणी व्याकरण मात्र सांगतं की पुरुष मूळ आणि बाई त्याच्यावरून. शब्दाचा जन्मदाखला एक सांगतो, रेशन कार्ड दुसरं.

हे झामेनहोफच्या मनात होतं का? मला नाही वाटत. तो फक्त नियम पाळत होता. एकदा ‘इन म्हणजे स्त्री’ असं ठरलं की ‘इन’ नसलेल्या जागी पुरुष बसणं भाग आहे, मग मूळ शब्द कुठून का येईना. त्याच्या काळात, त्याच्या भोवतीच्या भाषांत बाई ही पुरुषाला शेपूट जोडून बनते हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्यावर थांबून विचार कुणी करत नव्हतं. हा ‘इन’ही तसा आपल्याला परका नाही. जर्मन ‘इन’, ‘पत्नी’, ‘इंद्राणी’तला ‘नी’ आणि आपला ‘ईण’ यांत भाषाशास्त्रज्ञ लांबचं नातं मानतात. ‘पत्नी’ची सख्खी मावसबहीण ग्रीकमध्ये ‘पोत्निया’ म्हणून आहे, तिथे तिचा अर्थ मालकीण.

आज एस्पेरांतो बोलणाऱ्यांत यावरून वाद आहेत. काहींचं म्हणणं, मूळ शब्द ना पुरुषाचा ना बाईचा धरावा आणि पुरुषासाठी ‘इच’ असा वेगळा प्रत्यय लावावा. म्हणजे एद्झो म्हणजे नुसता जोडीदार, एद्झीनो बायको, एद्झीचो नवरा. जुन्या वळणाचे लोक म्हणतात, १९०५चा पाया हलवायचा नाही, त्याच मेळाव्यात तसं ठरलेलं आहे. गंमत अशी की ‘एद्झो’च्या बाबतीत सुधारकांच्या बाजूनं इतिहासच उभा आहे. हा शब्द पुरुषाचा कधी नव्हताच.

लग्न करण्याच्या क्रियापदातही हे सगळं उतरलं आहे. ‘इज’ म्हणजे होणे, ‘इग’ म्हणजे करणे. पुरुष लग्न करतो तेव्हा तो ‘एद्झीजी’, म्हणजे नवरा होतो. बाई ‘एद्झिनीजी’, बायको होते. आणि तिला कुणाच्या तरी गळ्यात बांधायची असेल तर ‘एद्झिनीगी’, बायको करून देणे. सरावपाठांत एक वाक्य आहे, तिनं आपल्या आते-मामेभावाशी लग्न केलं, खरं तर तिच्या आईवडिलांना तिला दुसऱ्याच कुणाला द्यायचं होतं. एका वाक्यात मुलगी स्वतः ‘होते’ आणि आईबाप तिला ‘करू’ बघतात, एका व्यंजनाच्या फरकानं. मराठीत आपण ‘लग्न केलं’ आणि ‘लग्न लावून दिलं’ म्हणतो, ते हेच. (मूळ शब्द ‘कुझो’, तो चुलत-मावसही असू शकतो. पण मराठी वाचकाच्या मनात आधी मामाच येणार.) बोलताना आता बायकाही सर्रास ‘एद्झीजी’ म्हणतात. शब्दशः घेतलं तर त्या नवरा होतात.

झामेनहोफचं स्वतःचं एद्झीजणं १८८७च्या ऑगस्टमधलं, पहिलं पुस्तक हातात आल्यावर दोनच आठवड्यांनी. मुलीचं नाव क्लारा झिल्बेर्निक. वडील कौनासचे, साबणाचे कारखानदार. जावई डोळ्यांचा डॉक्टर, प्रॅक्टिस बेताची, डोक्यात अख्ख्या जगाची भाषा. हुंड्यातला बराच पैसा पुस्तकं छापण्यात गेला. ज्या भाषेत नवऱ्याचा शब्द बायकोच्या शब्दातून निघाला, ती भाषा छापून निघाली बायकोनं आणलेल्या पैशांवर. क्लारानं पहिले काही महिने पाकिटांवर पत्ते लिहिण्यात आणि पुस्तकं पोस्टात टाकण्यात घालवले. साबणाच्या कारखानदाराची लेक, म्हणजे परटिणीपासून फार लांब नाही.

तो परटिणीचा नवरा मात्र सरावपाठात एकाच वाक्यापुरता येतो. परीट नाही, एवढंच त्याच्याबद्दल कळतं. मग काय धंदा करतो, घरी बसतो का, तिला कपडे वाळत घालायला मदत करतो का, काही सांगितलेलं नाही. लगेच पुढच्या वाक्यात पुस्तक राजाच्या मुला-नातवंडांना काय म्हणायचं ते सांगायला लागतं.